कोळकांदा

धारूरच्या माळावर, मुरमात,
एप्रिलच्या करपत्या उन्हात
पानाविना एकच दांडा.
कळ्या सांजेला उघडणार, सकाळी सुकणार.

मोजले: तीन.
गेल्या साली अकरा होते.
मधून आता मुरमाच्या ट्रॅक्टरची वाट गेलीय.

नमुना म्हणजे कांद्यासकट झाड.
वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचं,
खाली चिठ्ठी: कुळ शतावरीचं, गाव, तारीख.
खुरपं टेकवलं तेवढ्यात
शेळ्यांमागून भामाबाई कोकरे:
"कामून उपटता, सर?
कडू हाय. शेळीबी तोंड लावीना,
म्हणून तर ऱ्हायलंय."

खुरपं पिशवीत.
अंधार पडेस्तोवर बसलो दोघं,
तंबाखूची पुडी मध्ये ठेवून.
पहिलं फूल उघडलं ते तिलाच दिसलं.

चिठ्ठी अजून वहीत आहे.
तारीख घातलीय.
गावाची रेघ कोरी.