व्हॉल्व्ह

चावी माझ्याकडे असते. लोखंडी, हातभर लांब.
पहाटे साडेचारला मारोतीच्या देवळामागच्या खड्ड्यात
मी ती उतरवतो, पिळतो,
आणि गावाला पाणी येतं.
वरची आळी चाळीस मिनिटं. बाजारचौक तीस.
माळीपुरा पंचवीस.
मग उरलंसुरलं.

ग्रामसभेत पडदा म्हणून अंगणवाडीची चादर लावली होती.
तिच्यावरच्या पोपटाच्या पोटातून
इमारत वर आली:
पाच मजले, एकशेवीस खोल्या, चारशे ऐंशी खाटा,
सिमेंट फॅक्टरीच्या ठेक्यावरच्या माणसांसाठी.
कंपनीची मुलगी, नाक उन्हानं सोललेलं,
म्हणाली, हे हॉस्टेल नाही, को-लिव्हिंग आहे.
सहजीवन. स्वयंपाकघर एक, गच्ची एक,
कपडे धुवायची मशीनही सगळ्यांची.
मागून कोणी बोललं,
"म्हंजे जानोसाच म्हना की. बारमाही."
हसून घेतलं सगळ्यांनी. तेवढंच.

मग उरकुडे गुरुजी उठले:
संडासाचं पाणी कुठं जाईल?
नाल्यात.
नाला कुठं जातो?
मुलीनं कागद चाळले. कागदावर नाला होता,
बोडी नव्हती.
धिवराचा आसाराम बसल्या जागीच म्हणाला,
"मंग आमचा शिंगाडा कोन खाईन?"
बुधाजी गायकी काठी टेकत पुढं आला:
ई-क्लासवर तुमी बिल्डिंग बांधान,
माहे दोनशे ढोरं काय गच्चीवर चारू?
वच्छलाबाईनं एवढंच सांगितलं
की पोरी त्याच रस्त्यानं सायकलीनं शाळेत जातात.
पुढचं तिनं सांगितलं नाही.
दुसऱ्या कोणी सांगितलं, जरा मोठ्यानं:
कोन कुठचे लोक. नाव ना गाव.

माझ्या पोराची खाट चाकणला आहे.
खाट म्हणजे अर्धी. रात्रपाळीचा उठला की
हा आडवा होतो. गादी गार व्हायला
वेळच मिळत नाही, असं तो फोनवर हसत सांगतो.
मी काही बोललो नाही.
मी शिपाई. सतरंज्या उचलायच्या होत्या.

पाण्याचं काय, म्हणताच
सरपंच म्हणाले, होऊन जाईन.
टाकी पन्नास हजाराची. मी मनात मिनिटं मांडली,
चाळीसातून दहा, तिसातून आठ,
जमेना. तोवर सगळी सभा उभी:
आमालेच पुरत नाही!
आमालेच पुरत नाही!
वरची आळी आणि माळीपुरा
एका सुरात मी पहिल्यांदाच ऐकले.

भिंतीजवळून शशिकला दुर्गे उठली.
पदर खोचलेला, हातात पिशवी,
कुठं तरी जायचं असल्यासारखी.
"आमचा बी इरोध लिहून घ्या.
पन चारशे ऐंशी लोकाईच्या बादल्या
तुमी आज मोजून राहिले.
आमच्या नळाले बारा मिनटं येते,
बावीस वर्सापासून.
ते कोनं मोजले?"

पंखा फिरत राहिला.
कोणी माझ्याकडं पाहिलं नाही.
तिनंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

सचिवानं लिहिलं: पाण्याबाबत सविस्तर चर्चा झाली.
खाली सह्या, अंगठे, चहाचा एक गोल.
कंपनीच्या मुलीनं घाईत
पोपटाची चादरही गुंडाळून नेली,
फाट्यावरून परत आणून दिली.
तिला पाणी विचारलं मी. ती म्हणाली,
बाटली आहे माझ्याजवळ.

दुसऱ्या दिवशी साडेचार.
खड्ड्यात बेडूक, चिखल, चावी.
पस्तिसाव्या मिनिटाला मी हात टाकला.
पाच मिनिटं. पाचानं काय होतं,
एखादा हंडा, दोन कळशा,
एखाद्या पोरीची वेणीफणी घाईत होत नाही.
चावी फिरताना करकरली,
खाली पाणी जाताना
पाइपानं घसा खाकरल्यासारखं केलं.
बुद्धविहाराकडून आवाज येतो का, कान दिला.
इतक्या लांबून येत नाही.

वरच्या आळीचा फोन मात्र लगेच वाजला.
वाजू दिला.
हात चिखलाचे होते.