स्पॉट नंबर सहा

दर दीड मिनिटाला घंटा.
घंटा म्हणजे स्टीलची थाळी, आणि वाजवणारे
जुवाटकरमामा, तोंडात पान जमवून.
थाळी वाजली की पुढच्या स्पॉटवर सरकायचं,
जेटीवर लिलावात टोपल्या सरकतात तसं.
इथे माल आपण.

एक : तारामासा. सोपा.
दोन : बरणीतली मोरी,
फॉर्मलीनने पिठूर झालेली, डोळा कागदासारखा.
संघ, वर्ग, कोणतीही दोन लक्षणं.
बाळंतिणीला दूध यावं म्हणून खायला घालतात
हे लक्षण धरत नाहीत.
मी लिहिलं नाही. निलोफरने लिहिलं.
तीन : नेचा, पानाच्या पोटाशी तपकिरी ठिपके.
चार आठवत नाही.
पाचवर एक हाड होतं. मी लिहिलं, हाड.

आणि लाईट गेली.

पंखे थांबले. बाहेरून आलेले परीक्षक
रुमालाने मान पुसत म्हणाले, थांबायचं का?
समोर सड्यावर पवनचक्क्या आरामात फिरत होत्या.
मामा काही बोलले नाहीत.
कपाटावरचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक उतरवला,
पुसला, खिडकीत ठेवला,
खालचा आरसा अंगठ्याने खाडीकडे वळवला
आणि थाळी वाजवली.

सहा : काट्याखालचा भाग ओळखा. कारण द्या.

जुलैतली गोष्ट सांगायला हवी.
पहिलं प्रॅक्टिकल, कांद्याचा पापुद्रा.
भिंगात मला एक गोल दिसला,
इतका गोल, की कंपास लागला नाही.
तासभर त्याची कड गिरवत बसले,
एचबी, मग टूबी, मग बोटाने हलकं पुसून.
मधल्या कचऱ्याला बाण काढून नाव दिलं : केंद्रक.
खाली मोठ्या अक्षरात : पेशी.
आजवर काहीच इतकं मन लावून काढलं नव्हतं.
कांबळी मॅडमचं लाल पेन :
'हा हवेचा बुडबुडा आहे.
पेशी इतकी गोल नसते. पुन्हा काढा.'
पुन्हा काढली. वेडीवाकडी, गडग्याच्या चिऱ्यांसारखी,
एकमेकींना खेटलेली. बरोबरची खूण मिळाली.
पण आधीचं पान मी फाडलं नाही.

आता डोळा लावला.
खाडीचं पाणी आरशातून वर चढत होतं,
सगळा पापुद्रा हलत होता, चिरे हलत होते,
आणि काट्याच्या बरोब्बर टोकाखाली
तो.
जाड काळी कड. आत काही नाही.

त्यांना काय हवं होतं ते कळत होतं.
केंद्रक हवं होतं. घाईत पाण्याचा थेंब टाकताना
कुणाच्या तरी हातून हवा शिरली होती,
किंवा काटाच सरकला होता.
केंद्रक लिहिलं असतं तर दोन गुण.
सगळ्यांनी तेच लिहिलं. माझ्या आधीच्या चाळीस जणांनी
नक्की तेच लिहिलं असणार.
थाळीचा हात वर गेलेला मला दिसत होता.
मी लिहिलं : हवेचा बुडबुडा.
कारण : ओळखीचा आहे.
मग 'ओळखीचा आहे' खोडलं.
कड काळी व जाड, आतील भाग रिकामा.

तोंडीच्या वेळी साहेबांनी पेपर उलटा करून दाखवला.
हे काय?
सर, बघून लिहिलंय.
ते उठले. खिडकीपाशी वाकले. एक डोळा मिटला
(मॅडम पहिल्या दिवसापासून सांगतात,
दोन्ही डोळे उघडे ठेवा.)
खूप वेळ वाकलेले राहिले.
तेवढ्यात लाईट आली, पंख्याने कागद उडाले,
ते गोळा करता करता म्हणाले, पुढचा नंबर.

संध्याकाळी जेटीवर आवशीने विचारलं,
काय इचारल्यानी?
म्हटलं, बुडबुडो.
ती इतकी हसली की शेजारच्या पाटीवाल्या वळल्या.
ह्येच्यासाठी फी?
आणि हसता हसताच हातातल्या सुरमईचा
कल्ला अंगठ्याने उचलून आतला लाल बघितला,
एक डावीकडे टाकली, एक उजवीकडे.
दोन्ही डोळे उघडे.

निकाल लागला. पन्नासात एकतीस.
स्पॉटवार गुण कुणी सांगत नाही.
मॅडमना विचारायला गेले होते, दारातूनच परतले.
निलोफरला तेहतीस.