रंगेहाथ

अकरा वर्षं मी त्याचे हातमोजे लाल करते आहे.
पानाला साठ सेंट.
ब्रिजपोर्टला, पितळेच्या कारखान्यासमोर, पाचव्या मजल्यावर
सहा टेबलं, सहा बायका.
कारखान्याच्या भोंग्यावर आमचे डबे उघडतात.

चित्रं न्यूयॉर्कहून येतात, नुसत्या काळ्या रेघा,
कडेला कुणीतरी पेन्सिलीनं टाकलेले हिशेब:
आकाशाला निळा पाव,
ब्रेकवॉटरच्या छातीला पिवळा पूर्ण,
मोज्यांना पिवळा पूर्ण, तांबडा पूर्ण.
आम्ही फिल्मवर फासतो ते फक्त करडं.
रंग उमलतात दूर कुठे छापखान्यात,
आमच्या पाठीमागे.
म्हणजे एवढी वर्षं मी लाल केलं
ते लाल न बघता.

मे महिन्याच्या अंकात त्याच्यावर खुनाचा आळ आला.
बंदरावरचा बँकवाला मेला, गळ्यावर बोटांचे वळ.
ज्याला खांद्यावर घेऊन शहर नाचायचं
त्याच्या पुतळ्यावर अंडी.
पान अकरावर सरकारी वकील मोजा चिमटीत धरून विचारतो,
हा लाल आधीपासूनचा, की त्या रात्रीचा?
मी ब्रश खाली ठेवला.
याचं उत्तर माहीत असलेली
साऱ्या अमेरिकेत मी एकटीच असेन,
आणि साक्षीला मला कोण बोलावतंय!

जूनच्या पानांच्या वेळी लात्सीला गोवर निघाला.
रात्रभर कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या,
सकाळी टेबलाशी डोळे आपोआप मिटायचे.
पान सात, चौकट चार.
खुनाची रात्र पुन्हा दाखवलेली,
दाराआडून पुढे येणारा एक हात.
तो माझ्याकडून राहिला.
कोराच गेला.

मिसेस केलेमेननी साठ सेंट कापले, वर बोलल्याही.
पण तिकडे लेखक म्हणे दोन महिने डोकं धरून बसला होता,
त्याला सोडवायची वाटच सापडेना;
छापील अंक हातात पडला आणि खुर्चीतून उठलाच:
मोजा पांढरा! खुनी दुसराच!

ऑगस्टमध्ये ब्रेकवॉटर निर्दोष सुटला.
जहाजांनी भोंगे दिले, पोरांनी टोप्या उडवल्या.
लात्सीनं अंक उशीखाली घेतला.

आता शहरात पांढरे मोजे घालतं कोण?
बँकेचा लिफ्टवाला, म्हातारा एझ्रा.
पहिल्या अंकापासून कोपऱ्यात उभा,
आजवर एकच वाक्य बोललेला,
‘कितवा मजला, साहेब?’
त्याचा चेहरा मी न बघता करायचे, हात बसलेला:
पिवळा पूर्ण, तांबडा निम्मा, निळा पाव.
पान वीसवर त्याला घेऊन जातात.
खाली गर्दी, पायऱ्यांवर ब्रेकवॉटर हात हलवतोय,
सगळ्यांच्या डोक्यावर शब्दांचे फुगे,
एझ्राला फुगा नाही.

आकडे स्पष्ट होते: पिवळा पूर्ण, तांबडा पूर्ण.
त्या दिवशी मला झोप येत नव्हती.
लात्सी बरा होता, शाळेत गेला होता.
मी हलवलेले ते दोन्ही हात कोरे ठेवले,
पान गठ्ठ्यात घातलं,
आणि पाकिटातून साठ सेंट काढून
मिसेस केलेमेनच्या बशीत ठेवले.
‘हे कशाचे?’
म्हटलं, असू देत.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
एकट्या लात्सीनं विचारलं, आई, याचे मोजे कुठे गेले?
मी कांदा चिरत होते.

संध्याकाळी लिफ्टचं दार मिस्टर गॅडिसनी धरलं असतं,
रोज धरतात.
मोजे शुभ्र, उजव्या अंगठ्याला
काळ्या दोऱ्यानं घातलेला टाका.
‘थकलेल्या दिसता,’ ते म्हणाले.
मी हात कोटाच्या खिशात घातले
आणि जिन्याकडे वळले.