सतरा नंबरचं बाक

सिंकच्या डाव्या हाताला चाळीस सेंटिमीटरची पोकळी.
तिथं आजवर एक बादली, एक वाकडा ब्रश
आणि नेरिसचा वैताग राहायचा.
"झाकण उघडायला तिसरा हात कुठून आणू?"
ती विचारायची, दोन्ही ओंजळींत बटाट्याच्या साली.
मी सुतार. लोकांच्या घरचे माझे खण
बोट लावलं की सरकतात, आणि आपल्या घरी…
पुढचं ती बोलत नसे.
एवढी सभ्यता वेल्समध्ये अजून आहे.

आमचं गाव टाकाऊच्या पायथ्याशी वसलेलं.
खाणीनं निवडून फेकलेली पाटी, तिचे डोंगर,
खिडकीतून दिसतात, पावसात चकाकतात.
दीडशे वर्षांत त्यातलं चिमूटभर कुजलं नाही.
परसात कुदळ मारली की वीतभर खाली खण्णकन दगड.
नेरिसला तिथं घेवडा हवा आहे.
म्हणून माती घरातच करायची:
चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, लीक कांद्याची मुळं.

चॅपल विकलं गेलं त्या हिवाळ्यात.
गाणारे सहा उरले होते, त्यातले दोघे बहिरे.
बाकं फुटपाथवर काढून ठेवली, ताडपत्री न घालता.
चांभाराची नजर जोड्यावर, माझी लाकडावर:
पाइन, शंभर वर्षांच्या पाठी घासून
मधाच्या रंगाला आलेला.
एक बाक मी व्हॅनमध्ये घातलं.
पैसे कुणी मागितले नाहीत, तेच जरा लागलं.

मापात पाप नको, हे मी शिकाऊ पोरांना सांगतो.
आणि स्वतः रुळांची जाडी विसरलो,
दोन्ही बाजूंना तेरा-तेरा मिलिमीटर.
खण दारात अडकला, लग्नाच्या कोटात अडकावं तसा.
उकललं. कापलं. पुन्हा डिंक, पुन्हा शिकंजे.
मग सांडपाण्याच्या नळीचा कोपर आडवा आला,
मागच्या फळीला चंद्रकोरीएवढी खाच दिली.
दोन डबे: पुढचा कुजणाऱ्याचा,
मागचा न कुजणाऱ्याचा.
मागचा मी मुद्दाम लहान केला.
दर्शनी फळीवर पितळी आकडा तसाच ठेवला,
सतरा.
खाली एक खटका, गुडघ्यानं ढकलायचा.
नेरिसनं ढकलला. खण बाहेर आला.
तिनं साली टाकल्या, पुन्हा ढकलला,
काही न टाकता आणखी चारदा.

रविवारी एलुनेड मावशी आली, काठी टेकत.
मी आकड्यापुढे उभा राहिलो,
चोरीचा माल पाठीशी घालणाऱ्या पोरासारखा.
"बाजूला हो," ती म्हणाली. "ते आमचं बाक."
खण ओढला. आत कॉफीचा गाळ, सफरचंदाचं बोंड,
तपकिरी पडलेली सॅलडची पानं.
मला वाटलं, आता शब्द येणार,
तिच्या वडिलांच्या व्यासपीठावरचे, जड, दगडी.
तिनं फळीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"इथं मी पेपरमिंट चिकटवायची, प्रवचन लांबलं की.
तासून टाकलंस?"
टाकलं होतं.
"आणि करकर कुठंय?
उशिरा येणारा बसला की हे बाक करकरायचं.
सगळं चॅपल मागे वळून बघायचं."
मी म्हणालो, मावशी, ही जर्मन रुळं आहेत, आवाज करत नाहीत.
"हं," ती म्हणाली,
आणि चहाची ओली पिशवी आत सोडली.

ऑक्टोबरात दमट हवा भिंतींतून आत शिरली.
लाकूड फुगलं. एका सकाळी,
अंधारातच, मी साली टाकायला गेलो
आणि खण करकरला.
मी मागे वळून पाहिलं.

नेरिस म्हणते, मेण लाव, दोन मिनिटांचं काम आहे.
लावतो, म्हणतो मी.
घेवड्याला तिसरं पान फुटलंय, खिडकीतल्या कुंडीत.
मेणाचा डबा व्हॅनमध्ये आहे,
व्हॅन रस्त्यापलीकडे,
आणि पाऊस आहे.