घडी

बुधवारी जुन्या बाजारात,
गंजलेले पाने आणि पातं नसलेल्या पंख्याच्या मधे
ते दांडक्यासारखं पडलं होतं.
विकणाऱ्यालाही ते दांडकंच वाटत होतं. साडेतीनशे.
मी पीळ सोडवला, तर स्टूल.

बुडाशी बारीक अक्षरांत डेन्मार्क.
पाय असे पिळून कापलेले
की मिटले की पुन्हा एकच लाकूड,
करवत फिरलीच नव्हती जणू.
चामडं मात्र मधोमध उसवलेलं.

त्या देशात म्हणे एका टेकाडाखाली
तीन हजार वर्षांमागच्या कुणाशेजारी
असंच स्टूल निघालं, पाणमांजराच्या कातड्याचं.
त्याहीआधी मिसर देशात; तिथे पायांना बदकाच्या माना.
म्हणजे मोठी माणसंसुद्धा
कुठेतरी निघालेलीच असायची.
मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले,
एकाच खुर्चीत.

गंज पेठेत मल्हारी सातपुत्यांनी ते
तीनदा उघडलं, तीनदा मिटलं.
"कुणाचं?"
"डेन्मार्कचं."
"ते झालं गाव. बसणार कोण?"
मला सांगता येईना.
"सोमवारी या."

सोमवारी कोपरा रिकामा.
फरशीवर ठोकळ्याएवढा फिका चौकोन
आणि सांडलेल्या पाण्यात दोन खिळे.
चहावाल्याने हनुवटीनेच दाखवलं:
पलीकडे, शाळेच्या भिंतीला.

ते उभे होते. मी त्यांना उभं कधी पाहिलंच नव्हतं;
इतके उंच असतील असं वाटलं नव्हतं.
"अतिक्रमणवाले आले. पेटी नेली, रापी नेली,
बसायचा ठोकळा नेला, बाभळीचा, वडलांचा.
पाण्याचा टपसुद्धा."
मग काखेतून काढलं.
"हे राहिलं. त्यांना वाटलं काठी.
म्हाताऱ्याची काठी कोण नेतंय?"

एका झटक्यात त्यांनी ते उघडलं.
"बसा. वजन घालून बघू द्या."

मी भर रस्त्यात बसले.
म्हशीचं नवं चामडं, गार, तेलाच्या वासाचं,
जरा कुरकुरलं आणि गप्प झालं.
रिक्षा वळसा घालून गेली.
ते माझ्या चपलेकडे बघत होते.
"अंगठा तुटायला आलाय," म्हणाले,
हात आरीकडे गेला, तिथे आरी नव्हती,
हात परत आला.

मी पैसे काढायला उठू लागले.
"बसा हो," ते म्हणाले,
"उठलात की घडी करावी लागेल."