आधी म्हणजे काय

सतरा व्याख्या द्यायच्या होत्या शुक्रवारपर्यंत.
कर्नलच्या कोडमध्ये दोन प्रोसेसर एकाच मेमरीला हात घालतात
तेव्हा कुणाचं आधी, कुणाचं मग, याचे शब्द.
मी तलावाच्या पाळीवर बसून लिहीत होतो,
नेटवर्क तिथंच येतं, बोरीच्या बाजूला.

बॅरियर. बांध म्हणावं, तर बांध पाणी अडवतो;
इथं काहीच अडत नाही,
फक्त अलीकडचं काम पलीकडच्याच्या मागं सरकत नाही.
धुरा, असं लिहिलं. खोडलं. पुन्हा धुराच लिहिलं.

रिलीज: घर सगळं आवरून, मगच किल्ली कोनाड्यात ठेवणे.
ॲक्वायर: किल्ली हाती आल्याशिवाय उंबरा न ओलांडणे.
मराठीत ग्रहण म्हणू का, विचारलं
तर काकू म्हणाली, मंग भात आताच मांडू का सुटल्यावर?

रिलॅक्स्ड: दसारामच्या दारावरच्या कोळशाच्या रेघा.
किती बांध्या भिजल्या ते कळतं, एकही रेघ हरवत नाही.
कोणती कुणाच्या आधी भिजली, ते रेघेला विचारू नये.

आणि मग स्टोअर बफर.
इथं मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

मी सातवीत होतो. हलका धान निसवायला आलेला,
तलावाला दोन तुडुम, खाली पाट एकच,
एका वेळी एकाच तुडुमाचं पाणी पेलणारा.
नियम जुना होता, दोन ओळींचा:
आपल्या खांबावर कंदील लावायचा, मग समोर पाहायचं.
समोर उजेड असेल तर बसून राहायचं.
दोघांनी पाळला तर दोघं कधीच एकदम उघडणार नाहीत,
हे कागदावर आजही सिद्ध करून दाखवता येतं.

त्या रात्री हिवराजमामानं कंदील माझ्या हाती दिला,
जा, लाव, आणि मान वर करून समोर पाहिलं.
अंधार.
पलीकडे इस्तारीनं सायत्राच्या हाती दिला, आणि पाहिलं.
अंधार.
दोन्ही तुडुम उघडले.
वळणावर पाट फुटला, दसारामचा उभा धान
पहाटेपर्यंत चिखलात आडवा.

सभेत हिवराजमामा म्हणाला,
'मी पयले कंदील धाडलो, मंगच पायलो.'
इस्तारी म्हणाला तेच, शब्दाला शब्द.
दसारामनं विचारलं, मंग पयले कोन?
दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं,
आणि दोघांची खरी गोष्ट एका ओळीत मांडावी
अशी एकही रांग नव्हती.

मी मागं उभा होतो. वाटेत खेकडा दिसला होता, हे खरं,
पण थांबलो नसतो तरी चालतच असतो.
मामाच्या लेखी कंदील लागलेला,
गावाच्या लेखी नाही, आणि मधल्या अंतरात
मी, हातात उजेड घेऊन.

स्टोअर बफर: ज्याला सांगून झालंय
आणि जो अजून वाटेत आहे, ते पोरगं.

तोडगा काकूनं काढला, तांदूळ निवडता निवडता:
'पोरगं लावून वापस येईल, तवाच मान वर कराची.'
पूर्ण धुरा तो हाच. रिलीज-ॲक्वायरच्या जोडीनं इथं भागत नाही,
वाट पाहावी लागते, आणि तितका वेळ पाणी वाया जातं.
'महाग आहे, गरज असेल तिथंच वापरावा,' अशी तळटीप टाकली.

मागच्या हाटाला सायत्रा भेटली, नातवाला घेऊन.
म्हणाली, माझा तर लागला होता रे,
तुझाच खांब काळा होता.
मला तर तिचा काळा आठवतो.
आम्ही दोघंही हसलो. वांगी घेतली.

सतराही झाल्या. पाठवा दाबलं.
माझ्याकडे 'पाठवलं' असं दिसतंय.
बोरीवरची कांडी गेली आहे,
बंगळुरूला अजून अंधार असेल.