तांत

लग्न शुक्रवारी. बुधवारी मुस्तकीमने जाहीर केलं:
बँड नाही. डीजे तर नाहीच नाही.
बायकांनी हवं तर दफ वाजवावा, आतल्या खोलीत,
पण झांजा काढून.

मग मीच बसले पक्कड घेऊन.
भद्रकालीतून आणलेला दफ,
कडेला पितळी टिकल्यांच्या पाच जोड्या.
खिळा उपटताना प्रत्येक जोडी
एकदा, शेवटचं, छुन्न करायची.
त्या छुन्नचा हिशेब कुणाच्या वहीत,
माझ्या की त्याच्या,
मी विचारलं नाही.
टिकल्या शेवयांच्या डब्यात टाकल्या.

भाऊ वाईट नाही माझा.
आठ वर्षं मदरशात होता, घरापासून लांब.
अम्मीच्या अखेरच्या दिवसांत
रात्र रात्र तिच्या उशाशी यासीन वाचायचा,
तेव्हा समोरच्या घरातला टीव्ही
कुणी न सांगता बंद व्हायचा.
मी एकदा म्हणून गेले, किती सुंदर गातोस रे.
तो दचकला.
गात नाही आपा. वाचतो.

बरं. वाचतो.

अब्बा पिंजारी. पिंजारघाटाच्या उतारावर आमचं दुकान,
पुराचं पाणी पहिलं विचारपूस करायला यायचं ते आमच्याकडे.
निफाडचा पारा चारवर उतरला की
अख्खं नाशिक आपापल्या गाद्या घेऊन दारात.
आढ्याला टांगलेली कमान, तिला तांत,
बकऱ्याच्या आतड्याची, रीतसर हलाल केलेल्या
(तेवढ्यापुरता प्रश्न मिटलेला).
मोगरी बसली की
धुंग् धुंग् ठक, धुंग् धुंग् ठक,
कापूस उडायचा, भुवया पांढऱ्या व्हायच्या,
आणि अब्बांचा डावा पाय
आधी पुढे, मग मागे, मग अर्धी गिरकी,
कारण कापूस तिकडे सरकलाय.

याला नाच म्हणायचं का, वाजवणं म्हणायचं का,
कुणी फतवा मागितला नाही.
घासाघीस मजुरीवर व्हायची,
किलोला चार रुपये की साडेतीन.

अब्बांनी मात्र विचारलं होतं एकदा.
पेशइमाम जैनुलसाहेबांची रजई द्यायला गेले तेव्हा.
उरुसाची रात्र, दर्ग्याकडून कव्वाली
वाऱ्याबरोबर येत होती, जात होती.
साहेब म्हणाले, किताबांत दोन्ही आहे, दगडू.
ज्यांनी मना केलं ते माझ्याहून शहाणे.
ज्यांनी ऐकलं तेही.
मी जात नाही तिकडे.
पण खिडकी लावत नाही.
दमा आहे मला.

शुक्रवारी रात्री दफ वाजला.
टप टप, टप टप,
दारावर कुणी संकोचून थाप द्यावी तसा.
हुमैराच्या हातांची मेंदी अजून ओली होती,
ती हसायला लागली.
मग तिच्या मैत्रिणींनी तोंडानेच
छुन्न छुन्न सुरू केलं,
ते काढायला माझ्याकडे पक्कड नव्हती.

सिन्नरहून पाहुणे जास्त आले.
मुस्तकीम माळ्यावर गेला, गाद्या बघायला.
बराच वेळ खाली आला नाही.
खालच्या कलकलाटात मला ऐकू आलं
एकच
धुंग्.

मग काहीच नाही.
मग पुन्हा.

शिडी चढून पाहिलं तर
मोबाइलची बॅटरी दातांत धरलेली,
टोपीवर जाळी,
आणि तो तांतीला पीळ देत होता, सावकाश,
कान तिच्याजवळ नेऊन.
ढिली झालीये, तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.
अजून एक पीळ. धुंग्. आता थोडा वरचा.
वस्तू नीट ठेवावी माणसाने. कामाची आहे.

मी हो म्हटलं.
घरात कापूस पंधरा वर्षांत आलेला नाही,
खाली पाहुणे झोपणार होते त्या सगळ्या गाद्या
फोमच्या.